बिलोलीचे ऑफिस

आमचे मालक दिवसभर अनोळखी माणसांची क्षमा मागत बसलेले असत. हे वाक्य कोणास अतिशयोक्तीचे वाटेल. परंतु माझा व्यवसाय अर्ज लिहिण्याचा असून, ज्यास पुरावा नाही असे विधान मी कागदावर उतरवीत नाही.

लातुरात तहसील कचेरीच्या समोर त्यांची दुमजली इमारत होती. खाली, जिन्याच्या तोंडाशी, टेबल मांडून मी बसत असे. वरच्या मजल्यावर मुली कानाला फोन लावून बोलत असत. ते दिवस क्लासचे होते. दहावीचा निकाल जवळ आला की नांदेडपासून उदगीरपर्यंतचा पालक आपले मूल लातुरात अकरावी-बारावीला घालावे काय, या विवंचनेत असे. त्या पालकास त्याच्या घरी फोन करून, गोड बोलून, अमुक क्लासमध्ये आणण्याचे काम क्लासवाल्यांनी मालकांकडे सोपविले होते.

त्यासाठी मालकांनी पुण्याहून एक यंत्र आणविले होते. त्यास डायलर म्हणत. यंत्र आपण होऊन एकामागून एक नंबर फिरवी आणि पलीकडच्याने फोन उचलला की जी मुलगी मोकळी असेल तिच्या कानात तो सोडून देई. यंत्र चलाख होते, पण उतावळे होते. कधी कधी सगळ्या मुली बोलण्यात गुंतलेल्या असत, आणि तरीही ते फोन लावी. मग एखाद्या खेड्यातला माणूस हातातले काम टाकून धावत येई, फोन उचली, आणि पलीकडे कोणीच नसे. नुसती शांतता. पुण्याच्या कंपनीच्या पोराने सांगितले होते की एवढे चालायचेच.

मालकांना ते चालेना. "आपण होऊन दुसऱ्याच्या दारात जायचं, कडी वाजवायची अन् तो बाहेर आला की मुक्यासारखं उभं राहायचं? ही काय रीत झाली?" असे म्हणून त्यांनी असे सगळे बेवारस फोन आपल्या टेबलावर वळवून घेतले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते कानाला फोन लावून बसत आणि म्हणत, "माफ करा भाऊ, तुम्हाला उगीच उठवलं. काही काम नव्हतं. बसा, चालू द्या." पलीकडचा माणूस वयस्कर आहे असे आवाजावरून वाटले तर ते उभे राहून क्षमा मागत. आवाज बाईचा असेल तर टोपी नीट करीत. एकदा मी त्यांस विचारले की, समोरच्यास आपण दिसत नसताना उठण्याचे प्रयोजन काय? ते म्हणाले, "बसून बोललेलं कळतं, अर्जनवीस. आवाजाला बूड असतंय."

मालक मूळचे मुरुडचे. भूकंप झाला त्या साली मुरुडला त्यांचे एसटीडीचे बूथ होते. त्या आठवड्यात त्या काचेच्या खोलीपुढे जी रांग लागली तिचे वर्णन ते क्वचितच करीत. एवढेच सांगत की, पुण्याला, सुरतेला, हैदराबादेला फोन लागला की पलीकडचा माणूस अनोळखी आवाज ऐकून आधी रडू लागे, मग ऐके. तेव्हापासून त्यांनी एक नियम केला. फोन लागताच नाव नाही, गाव नाही, आधी म्हणायचे, "सगळं खुशाल हाय." मग मुरुडहून बोलतो म्हणायचे. मग ज्याचा फोन त्याच्या हाती द्यायचा. सवय अशी जडली की पुढे आयुष्यभर त्यांचा प्रत्येक फोन तिथूनच सुरू होई. वीज मंडळाच्या कचेरीस ते फोन करीत आणि म्हणत, "सगळं खुशाल हाय. लाईट गेलीय."

याच बूथमध्ये त्यांस ते तत्त्व सापडले ज्यावर पुढे त्यांचा सारा व्यवहार उभा राहिला. ते म्हणत, "फोन माणूस उचलत न्हाई. फोन गाव उचलतंय." म्हणजे असे की, आपल्या भागातला नंबर दिसला की माणूस उचलतो, लातूरचा किंवा पुण्याचा दिसला की हा वसुलीवाला असेल, नाहीतर काही वाईट घडले असेल, असे समजून वाजू देतो. नंबर दाखविणारे डबे तेव्हा फोनला लागू लागले होते. म्हणून मालकांनी दर तालुक्याच्या गावी एकेक लाईन भाड्याने घेतली आणि ती यंत्रास अशी काही जोडून घेतली की लातुरात बसून बिलोलीच्या माणसास फोन लावला तर त्याच्या डब्यावर बिलोलीचाच नंबर उमटे. हे कसे घडे ते मला सांगता येणार नाही. ती बाब माझ्या अधिकारक्षेत्रात येत नाही.

दुसरा कोणी एवढ्यावर थांबला असता. मालक थांबले नाहीत. नंबर हदगावचा आणि जीभ लातूरची, हे त्यांस मान्य नव्हते. म्हणून हदगावच्या टेबलावर हदगावची छाया, बिलोलीच्या टेबलावर बिलोलीकडची गंगामणी, अशा त्या त्या भागातल्या मुली त्यांनी हुडकून आणल्या. बहुतेक जणी क्लाससाठीच लातुरात आलेल्या, मग काही कारणाने शिक्षण सुटलेल्या किंवा संपलेल्या. रोज सकाळी मालक स्वतः बसस्टँडवर जात आणि रात्रीच्या मुक्कामी गाड्या घेऊन आलेल्या कंडक्टरांना गाठीत.

"हदगावला पाऊस?"

"शिंतोडा."

"बाजार भरला?"

"भरला की. कापसावाले लई होते."

"कोणी मोठं माणूस गेलं-बिलं?"

"आवं मालक, तुम्ही पेपर काढायले का?"

हा सगळा वृत्तांत ते वरच्या फळ्यावर खडूने लिहीत. हदगाव : शिंतोडा, बाजार. बिलोली : कालपासून लाईट नाही. मुरुड : यात्रा. मग छाया फोनवर म्हणे, "काका, काल शिंतोडाच आला ना आपल्याकडं?" आणि काका पाघळत. ज्या गावी बाजार असे त्या गावी त्या दिवशी फोन करण्यास बंदी होती. दूध काढण्याच्या वेळी कुठेच फोन होत नसे. पुण्याच्या पोराने हिशेब दाखविला की एक फोन दोन मिनिटांत आटोपला पाहिजे. मालकांनी त्यास चहा पाजला आणि म्हणाले, "बाळा, दोन मिनिटांत आमच्याकडं 'जेवण झालं का' एवढंच होतंय."

माझा त्या कामाशी संबंध भाषेमुळे आला. मुलींनी फोनवर काय बोलावे याचा मसुदा करून देण्याची विनंती मालकांनी मला केली. भूकंपानंतर शेकडो लोकांचे अर्ज, हरकती, विनंत्या माझ्या हातून गेल्या होत्या आणि माझ्या भाषेवर कचेरीने कधी बोट ठेवले नव्हते. शाळा माझी अर्ध्यातच सुटली. परंतु शाळेत जे शिकवीत नाहीत ते मला टेबलाने शिकविले. मी तीन रात्री जागून मसुदा केला. मालकांनी तो उभ्या उभ्या वाचला.

"महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून..." त्यांनी मोठ्याने वाचले आणि थांबले. "अर्जनवीस, फोनवर 'उपरोक्त' कुठं असतंय?"

"वर, मालक."

"वर म्हंजे छतावर? अवो, हे ऐकून तो माणूस वकील बघायला पळंल."

"मग विनंती कशी करायची?"

"विनंती करायचीच न्हाई. इचारायचं. पोरगी कशी हाय, काय शिकायचं म्हणती. मग गप्प बसायचं. तो बोलतो."

माझा मसुदा त्यांनी नाकारला, पण फाडला नाही. घडी घालून खिशात ठेवला. "कधीतरी लागंल," म्हणाले. माणसाचा अपमान न करता त्याचे काम नाकारण्याची ही हातोटी मी कलेक्टर कचेरीतही पाहिली नाही.

स्थानिक नंबराबरोबर स्थानिक भानगडी येतात, हे मात्र मालकांच्या लक्षात उशिरा आले. हदगावचा नंबर पाहून लोक छायेलाच उलट फोन करू लागले. नांदेडची गाडी गेली का बघ गं. अमक्याच्या दुकानात पत्रे आले का विचारून सांग. एकाने तर आपल्या मुलाच्या लग्नाचे आवतण दिले आणि न आल्यास राग मानू असे बजावले. मालकांनी छायेला अहेर देऊन लग्नाला धाडले. "नंबर घेतला म्हंजे गावची रीत घ्यावी लागतीय," असे त्यांचे म्हणणे पडले.

कुठून बोलता, असे कोणी विचारले तर "आपल्याच इथून" असे उत्तर द्यावे, असा दंडक होता. मी एकदा कायद्याची बाजू त्यांच्या निदर्शनास आणली. मी म्हटले, निवासाचा पत्ता आणि पत्रव्यवहाराचा पत्ता या दोन भिन्न गोष्टी आहेत. ते म्हणाले, "नंबर तिथला, पोरगी तिथली, बोली तिथली. निस्तं छप्पर लातूरचं. छपरासाठी कामून भांडता?" परंतु त्या दिवशी ते जेवले थोडेच.

मग पिराजीरावांचा प्रसंग उद्भवला.

पिराजीराव हे बिलोली तालुक्यातील एका खेड्यात पिठाची गिरणी चालवीत. गिरणीच्या घरघरीत घंटी ऐकू येत नाही म्हणून त्यांनी फोनला लाल दिव्याचा डबा लावून घेतला होता. दिवा पेटला की नंबर वाचायचे, बिलोलीचा असेल तर पट्टा थांबवायचे. गंगामणीसाठी त्यांनी आठवडाभर रोज पट्टा थांबविला होता. त्यांची थोरली मुलगी अश्विनी दहावीला शाळेत पहिली आली होती. तिला शास्त्र शाखेस जायचे होते. पण तिच्या मामाने एक स्थळ आणले होते आणि मामाचे म्हणणे असे की, दोन वर्षे लातुरात ठेवून पोरगी शहाणी होईल, मग तिला असले स्थळ पटणार नाही. मामाचे हे विधान तसे वस्तुस्थितीस धरून होते.

त्या दुपारी मी काही कामानिमित्त वर गेलो होतो. गंगामणीच्या फोनचा आवाज मोठा केलेला होता.

"हे बघ माय," पिराजीराव म्हणत होते, "परवा त्येंची माणसं येऊन राहिली. सुपारी फोडायला. मी अजून कोणालाच हाव म्हटलेलं न्हाई. फोनवर लेकरू कसं द्यावं? मी उद्या बिलोलीला येतो, पोरीला घेऊन. तुमचं ऑफिस बघतो. माणसं बघतो. पटलं तर लातूर. न्हाई पटलं तर मामाला हाव म्हणून टाकतो. कुठं बसता तुम्ही?"

गंगामणी सरळ मनाची मुलगी. ती जिथे बसली होती तेच तिने सांगितले. "तहसीलीसमोर, काका."

"बरं. दुपारपस्तोर येतो." फोन बंद झाला.

बिलोलीलाही तहसील आहे. तिच्यासमोर आमचे काहीही नाही. गंगामणीच्या हे ध्यानात आले तेव्हा तिने पदर तोंडाशी नेला. "म्या काय सांगून बसले! ऑफिस न्हाई दिसलं की काका म्हणतील समदंच खोटं. त्या पोरीची परवा सुपारी फुटंल, मालक."

कोणी म्हणाले, फोन करून सांगू की उद्या ऑफिस बंद आहे. मालक म्हणाले, "बंद ऑफिस म्हंजे पळालेलं ऑफिस." छाया म्हणाली, खरेच सांगून टाकू. मालक म्हणाले, "सांगू. पण फोनवर न्हाई. फोनवर सांगितलेलं खरं सुद्धा खोटंच वाटतंय." ते जिना उतरून माझ्या टेबलाशी आले. मी त्यांच्यामागून उतरलो.

"अर्जनवीस, एक ऑफिस मांडायला किती वेळ लागतो?"

माझ्या आयुष्यात मला इतका नेमका प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "टेबल, खुर्ची, छत्री आणि शिक्का. जागा मिळाली तर पाव तास."

"मग पहाटं निघायचं."

जीपच्या टपावर माझे टेबल पाय वर करून बांधले. मागे गंगामणी आणि माझी खुर्ची. मालकांनी ऑफिस दिसावे म्हणून घरचा जुना काळा टेलिफोन मांडीवर घेतला होता. मी एक पाटी रंगवून घ्यावी असे सुचविले होते. "नको," ते म्हणाले, "रंग ओला दिसला की लबाडी दिसती." नांदेड ओलांडेपर्यंत ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होते, "पोरीची सुपारी आपल्यामुळं फुटली असं व्हायला नको. बाकी काय व्हायचं ते होवो."

बिलोलीच्या तहसीलीसमोर लिंबाखाली तिथले अर्जनवीस बसलेले होते. आम्ही टेबल उतरविताच त्यांतले सर्वांत वडील, धोतर आणि काळी टोपी घातलेले, उठून आले.

"कोणत्या हद्दीतले तुम्ही?"

"लातूर," मी म्हणालो. "परंतु मी आज येथे अर्ज लिहिणार नाही."

"मंग टेबल कामून आणलं?"

"बसण्यासाठी."

"लातूरहून बिलोलीला बसायला आले?" त्यांनी मागे वळून आपल्या मंडळींकडे पाहिले. "तिकडं जागा संपली काय रे?" मंडळी हसली.

माझ्या व्यवसायात हद्दीइतकी नाजूक बाब दुसरी नाही. मी नियम सांगू लागलो, ते नियम सांगू लागले, आणि आवाज चढले. तेवढ्यात मालकांनी टोपी काढली आणि त्या म्हाताऱ्यांस बाजूला नेऊन सगळे सांगितले. नंबर, यंत्र, गिरणी, मामा, सुपारी. म्हाताऱ्यांनी एवढेच विचारले,

"पोरगी पहिली आली का शाळेत?"

"हाव."

"मांडा मंग. सावलीत मांडा. पण शिक्का भायेर काढायचा न्हाई." हे माझ्याकडे बघून.

पिराजीराव बारा वाजण्याच्या सुमारास आले. पांढरे स्वच्छ धोतर, पण कानांच्या पाळ्यांवर पीठ राहून गेलेले. मागे अश्विनी, शाळेचेच दप्तर घेऊन. त्यांनी प्रथम कोणास नमस्कार केला नाही. टेबलाभोवती एक फेरी मारली. फोन उचलून कानाला लावला. खाली ठेवला. मग वाकून त्याची वायर धरली आणि ती कुठे जाते ते पाहू लागले. वायर टेबलाखाली संपत होती.

"हे ऑफिस कधीपासून हाय?" त्यांनी विचारले.

मी घसा साफ केला. "सदर कार्यालय हे पालकांच्या सोयीसाठी..."

"आज सकाळपासून," मालक म्हणाले.

लिंबाखालचे सगळे अर्जनवीस लेखण्या थांबवून ऐकत होते.

"अन् फोन कुठून यायलेत?"

"लातूरहून."

"डब्यावर बिलोली दिसती."

"दिसती. यंत्र हाय तसं. नंबर बिलोलीचा, ही पोरगी बिलोलीकडची, आम्ही लातूरचे. काल तुम्ही येतो म्हणाले, मग आमच्यापाशी ऑफिस नव्हतं. म्हणून रातोरात घेऊन आलो. तुम्हाला पटलं न्हाई तर उचलून नेतो. पण लेकराची सुपारी आमच्यावर रागावून नका फोडू. फोडायचीच तर इचार करून फोडा."

पिराजीराव मालकांकडे नाही, गंगामणीकडे वळले. ती टेबलामागे उभी राहून डोळे पुसत होती.

"तू तर खरी हायेस ना?"

"हाव काका."

"कोणाची?"

तिने गाव सांगितले, आजोबांचे नाव सांगितले. पिराजीरावांनी त्या गावच्या मारुतीच्या बाजूला कोणाचे घर आहे ते विचारले. तिने सांगितले. मग ते एकदम तेलुगूत काही बोलले, तिने तेलुगूत उत्तर दिले, आणि दोघेही थोडे हसले. त्याचा अर्थ मला लागला नाही. पण त्यानंतर पिराजीराव प्रथमच खुर्चीत बसले.

"एकटीच राहून राहिलीस लातूरला?"

"चौघी मिळून राहतो."

"भेव न्हाई वाटत?"

"पहिल्यांदा लई वाटलं. आता गावाकडं आले की झोप येत न्हाई. लई शांत हाय इकडं."

अश्विनी इतका वेळ बापाच्या मागे होती. ती पुढे आली आणि तिने तिचा एकमेव प्रश्न विचारला. "अक्का, होस्टेलात नळाला पाणी येतं का?"

गंगामणीने मालकांकडे पाहिले. क्लासवाल्यांनी अशा प्रश्नाचे उत्तर काय द्यायचे ते आम्हास छापून दिलेले होते.

"रोज येत न्हाई," मालक म्हणाले. "टँकर येतो. बादली भरून ठेवावी लागती. मेसचं वरण पातळ असतंय. आईतवारी तेवढं बरं करतेत. पहिला महिना रडू येतंय सगळ्या पोरींना. शिकवायला मात्र चांगलं हाय, ते मी स्वतः मागं बसून बघितलंय. मला त्यातलं कळत न्हाई, पण पोरं झोपत नव्हती."

पिराजीरावांनी मान हलविली. "आजवर चार क्लासवाले आले गिरणीवर. समदे म्हणले, समदं बेस हाय. वरण पातळ म्हणणारा ह्यो पहिलाच." त्यांनी मुलीकडे पाहिले. "बादली भरून ठेवशील?"

"ठेवते, बाबा."

"मामा बोलंल."

"मामा रोजच बोलतो."

लिंबाखालून म्हातारे अर्जनवीस म्हणाले, "लिहा की हो लातूरवाले! आता लिहा! मी कै म्हणत न्हाई!" आणि मी बिलोलीच्या हद्दीत, तिथल्या मंडळींच्या संमतीने, माझ्या सर्वांत चांगल्या अक्षरात अश्विनीचा प्रवेशअर्ज लिहिला.

काम झाले असे समजून आम्ही टेबल उचलू लागलो. पिराजीराव खुर्चीतून उठले नाहीत.

"कुठं निघाले?"

"लातूरला."

"अन् ऑफिस? माझं लेकरू दोन वर्षं तिकडं राहील, अन् मला काही इचारायचं झालं तर मी कुठं जाऊ? फोनवर मी इचारणार न्हाई. फोनची तुमची समदी गंमत मला समजली आता. दर बाजाराच्या दिवशी हे टेबल इथं पायजे."

मालक क्षणभरही थांबले नाहीत. "येतो," म्हणाले.

मी तत्काळ कागद पुढे ओढला आणि तसे हमीपत्र लिहिण्यास आरंभ केला. लिहून देणार, लिहून घेणार, साक्षीदार, सर्व काही. पिराजीरावांनी माझा हात धरला. "कागद नको. कागद मी लई पाहिले. खुर्ची ठेवून जा."

"खुर्ची?"

"खुर्ची राहिली की माणूस येतो. तिच्यासाठी तरी येतो."

ती खुर्ची एका बंद पडलेल्या शाळेच्या लिलावातून मी घेतली होती. सागवानी, हातांची, पाठ कमानीची. तीवर बसूनच मी भूकंपग्रस्तांच्या हरकती लिहिल्या होत्या. मालकांनी माझ्याकडे पाहिले. असे नुसते पाहणे, हीच त्यांची मोठी वाईट सवय होती. खुर्ची बिलोलीच्या चहावाल्याकडे राहिली. मी दोन वर्षे तेलाच्या पत्र्याच्या डब्यावर बसून लातूरकरांचे अर्ज लिहिले. अर्जांचा दर्जा खालावला असे कोणी म्हणालेले माझ्या ऐकिवात नाही.

मालक दर बाजाराला बिलोलीला जात. पाऊस असो, बंद असो. पहाटेच्या गाडीने निघत, चहावाल्याचे टेबल मागून लिंबाखाली मांडीत आणि गिरणीवाले आले की त्यांच्यासमोर बसून सांगत, "परवा भेटून आलो. ताप होता, उतरला. गणितात कमी पडले, रडली, पुन्हा बसली." हळूहळू इतर बापही तिथे येऊन बसू लागले. काहींची मुले तर दुसऱ्याच क्लासला होती. तरी मालक त्यांच्यासाठी चौकशी करून येत. मग हदगावकरांनी विचारले, बिलोलीलाच का? तिथेही टेबल गेले. फोन ज्या त्रासातून माणसाला सोडवितो तो सगळा त्रास मालकांनी फोनचाच धंदा करून अंगावर ओढून घेतला, आणि त्यात ते इतके खूश असत की पाहणाऱ्यास हेवा वाटे. वर यंत्र चालूच होते. आता गंगामणी "कुठून बोलता" या प्रश्नास "लातूरहून, पण बाजाराला तिथं असतो" असे ठणकावून सांगे.

बारावीचा निकाल लागला. त्यानंतर काही आठवड्यांनी भर दुपारी लातूरच्या तहसीलीसमोर एक रिक्षा थांबली. तिच्या टपावर माझी खुर्ची बांधलेली होती. आत पिराजीराव होते. बिलोलीपासून लातूरपर्यंत ती त्यांनी एसटीच्या टपावरून आणली होती आणि दर थांब्यावर उतरून दोरी तपासली होती. मालक जिन्यावरून धावत खाली आले.

"काय झालं पोरीचं?"

"उदगीरला लागला नंबर. जनावरांच्या डॉक्टरकीला." पिराजीरावांचा चेहरा पिठाशिवाय प्रथमच इतका उजळ दिसत होता. "माणसांची थोडक्यात हुकली. पण आमच्याकडं तशी जनावरंच जास्त."

"अन् मामा?"

"मामाची म्हैस आटली होती. ही कॉलेजात नाव घालायला गेली तवा तिथल्या डॉक्टरला इचारून फोनवर औषध सांगितलं. आता मामा म्हणून राहिला, माझ्याच सांगण्यानं शिकली."

मालक इतके हसले की त्यांस जिन्याच्या कठड्याचा आधार घ्यावा लागला. मग त्यांचे लक्ष खुर्चीकडे गेले आणि ते गंभीर झाले. "पण खुर्ची कामून आणली? धाकटी दहावीला हाय ना तुमची?"

"हाव. म्हणूनच आणली. तिच्या येळेला टेबल नका मांडू. उगी पहाटं उठून गाडीत बसता, वय झालं तुमचं. निस्ता फोन करा. डब्यावर लातूर दिसू द्या, न्हाई तर पुणं दिसू द्या. मी पट्टा थांबवून उचलतो."

मालक खाली पायरीवर बसले. म्हणाले, "मंग ह्या तालुक्या-तालुक्याच्या लायनी, हे यंत्र, ह्यो एवढा पसारा मी कशाला मांडला?"

"अवो," पिराजीराव म्हणाले, "लातूरचा नंबर दिसला असता तर मी पहिला फोनच उचलला नसता. मंग तुमची वळख कशी झाली असती?"

एवढे बोलून त्यांनी खुर्चीची दोरी सोडली, तिला माझ्या टेबलाशी सरळ लावले, आणि स्वतःच तीत बसले. दोन वर्षांची त्यांची सवय होती. मी तेलाच्या डब्यावर टेकलो आणि चहा सांगितला.